मेंढ्या हाताळायची साधनं: आधी बोळ, मग फाटक, पिंजरा सगळ्यात शेवटी

“मेंढी उलटवायचा पिंजरा आणला, तरी दिवस तेवढाच मोडतो.” ही तक्रार वारंवार कानावर येते आणि दर वेळी मी एकच उलटा प्रश्न विचारतो: पिंजऱ्याच्या तोंडाशी मेंढी येते कशी? उत्तर ठरलेलं असतं. एकजण पुढून मान धरून ओढतो, दुसरा मागून गुडघ्याने रेटतो. म्हणजे उलटवायचे कष्ट वाचले, तिथवर आणायचे कष्ट होते तसेच राहिले. १२० मेंढ्यांच्या कळपात दर मेंढीमागे २० सेकंद ओढाताणीत गेले, तर ४० मिनिटं तिथेच संपतात. कंबर जाते ती वेगळीच.

चूक साधनात नसते, खरेदीच्या क्रमात असते. मेंढ्या स्वतःच्या पायाने, एकामागे एक, न थांबता पुढे येतील अशी वाट आधी तयार करायची. वाटेच्या शेवटी काय बसवायचं ते नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर परत यावंच लागतं, हे मी स्वतः दोनदा करून पाहिलं आहे.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. सगळा कळप जमतो तो वाडा. वाड्यातून थोड्या थोड्या मेंढ्या घेऊन बोळाच्या तोंडाशी आणायची जागा म्हणजे दाटणीचा कप्पा. एका वेळी एकच मेंढी जाईल अशी चिंचोळी वाट म्हणजे बोळ. बोळाच्या टोकाला मेंढ्या वेगवेगळ्या कप्प्यांत वळवणारं झुलतं फाटक म्हणजे वाटणीचं फाटक.

## टप्पा १: पैसे खर्च करण्याआधी घड्याळ लावा

पुढच्या वेळी जंतांचं औषध पाजाल तेव्हा खिशात वही ठेवा आणि चार आकडे लिहा: कळप जमवायला किती वेळ गेला, बोळापर्यंत आणायला किती, प्रत्यक्ष पाजायला किती आणि नुसतं खोळंबून किती. खोळंब्याचा आकडा प्रामाणिकपणे लिहा. औषधाचा डबा गाडीतच राहिला, फाटक दोरीने बांधलं होतं आणि गाठ सुटेना, मेंढी बोळात उलटी फिरली, हे सगळं त्यातच धरायचं.

मग वर्षभरातल्या कामांची यादी करा. पाजणं, लस, वजन, वाटणी, खुरं, शेपटीखालची घाण झालेली लोकर कातरणं. प्रत्येक कामासमोर ते वर्षातून किती वेळा होतं आणि किती मेंढ्यांवर, हे लिहा. बहुतेक कळपांत वाटणी आणि पाजणं वरच्या क्रमांकावर येतात. मेंढी उलटवण्याची गरज त्या मानाने फारच थोड्या जनावरांना, थोड्या वेळा पडते. तरीही लोक पहिला पैसा पिंजऱ्यावरच घालतात, कारण कंबर तिथे दुखते आणि दुखलेलं लक्षात राहतं. वाटणीत गेलेला अर्धा दिवस मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

तपासा: एकूण वेळेपैकी अर्ध्याहून जास्त वेळ आणण्यात आणि खोळंब्यात जात असेल, तर तुमची अडचण यंत्राची नाही. टप्पा ८, म्हणजे पिंजरा, सध्या विसरा.

## टप्पा २: जागा निवडा आणि मेंढीच्या उंचीवरून पाहा

मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. तिला आजूबाजूचं खूप दिसतं, अगदी पाठीमागचा थोडा भाग तेवढा दिसत नाही. मात्र खोलीचा अंदाज तिला नीट येत नाही. जमिनीवर पडलेली काळी सावली, पाण्याची झरी, मातीवरून एकदम सिमेंटवर होणारा बदल, हे सगळं तिला खड्ड्यासारखं वाटू शकतं. म्हणून ती थांबते, मान खाली घालून वास घेते आणि मागच्या चाळीस जणी तिच्यामागे अडकतात.

जागा ठरवताना हे बघा:

- मेंढ्या सपाटीवर किंवा हलक्या चढावर बऱ्या चालतात. उतारावरून खाली रेटणं अवघड जातं. बोळाची दिशा चढाकडे ठेवा.
- काम ज्या वेळी करता त्या वेळचा सूर्य त्यांच्या डोळ्यांवर येऊ नये. अंधारातून उजेडाकडे त्या खुशीने जातात, पण डोळे दिपवणाऱ्या उजेडात नाही.
- बोळाच्या पलीकडे त्यांना मोकळी जागा, शक्यतो दुसऱ्या मेंढ्या दिसायला हव्यात. समोर भिंत दिसली की पाय थबकतात.
- पाणी साचणारी जागा नको. चिखलात खुरांचे रोग पसरतात आणि माणूसही घसरतो.
- कुंपणाचा कोपरा सापडला तर सोनं. दोन बाजू आयत्या मिळतात आणि कळप त्या कोपऱ्याकडे आपसूक निमुळता होत जातो.

जागा पक्की करण्याआधी जमिनीवर चुन्याने किंवा दोरीने सगळा आराखडा आखा आणि त्यातून चालून बघा. नंतर गुडघ्यांवर बसून तीच वाट पुन्हा बघा. हसू येईल, पण करा. माझ्या बोळाच्या टोकाशी खुंटीला टांगलेली पत्र्याची बादली उन्हात चमकत होती आणि वारा आला की हलत होती. उभं राहून मला ती वर्षभर दिसलीच नाही. मेंढ्या मात्र रोज तिलाच बघून थांबत होत्या आणि मी त्यांना हट्टी म्हणत होतो.

सावधान: खांब पुरायची घाई करू नका. पहिला हंगाम सुट्या जाळ्या-फाटकांवर काढा. सिमेंटमध्ये बसलेली चूक उपटणं महागात पडतं.

## टप्पा ३: वाडा आणि दाटणीचा कप्पा

वाड्यात दर मोठ्या मेंढीमागे साधारण अर्धा चौरस मीटर जागा धरा. शंभर मेंढ्यांना ५० चौरस मीटर. गाभण, शिंगांच्या किंवा कोकरांसोबतच्या मेंढ्यांना जास्त. वाडा चौरस असण्यापेक्षा लांबट असलेला बरा. रुंद वाड्यात कळप तुमच्याभोवती गोल फिरतो आणि तुम्ही मधे उभे राहून हात पसरत बसता.

आता दाटणीचा कप्पा. सगळ्या रचनेत सर्वाधिक चुका इथे होतात.

नेहमीचा गैरसमज म्हणजे तो नरसाळ्यासारखा, दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता हवा. तसं केलंत की तोंडाशी दोन मेंढ्या खांद्याला खांदा लावून एकाच वेळी घुसायला बघतात आणि पाचर मारल्यासारख्या अडकतात. त्याऐवजी एक बाजू बोळाच्या भिंतीच्या अगदी सरळ रेषेत ठेवा आणि दुसरी साधारण ३० अंशांच्या कोनात आणा. सरळ बाजूची मेंढी थेट बोळात जाते, तिरप्या बाजूची आपोआप तिच्या मागे लागते.

जागा आणि हौस असेल तर कप्पा गोलाकार करता येतो: मधे एक खांब, त्यावर फिरणारं फाटक, मेंढ्यांच्या मागून हळूहळू फिरवत आणायचं. एकट्याने काम करणाऱ्याला हा प्रकार फार सोयीचा. पण ते फाटक मेंढ्या दाबायचं यंत्र नाही. त्यांच्या मागची जागा फक्त बंद करायची, अंगावर रेटायचं नाही.

कप्पा कधीही गच्च भरू नका. अर्धा किंवा फार तर दोन तृतीयांश भरा. आत वळायला जागा नसेल तर बोळाकडे तोंड कसं करणार? बोळात मावतील तेवढ्या किंवा त्याच्या दुप्पट मेंढ्या घ्या, त्या निघाल्या की पुढची तुकडी. लोकांना वाटतं, जास्त कोंबल्या की मागच्यांच्या दाबाने पुढच्या सरकतील. प्रत्यक्षात पुढच्या मेंढ्या दाबामुळे मागे वळतात.

तपासा: कप्प्याच्या भिंती बंद, म्हणजे फळीच्या किंवा पत्र्याच्या आहेत का? बाहेर फिरणारी माणसं आणि कुत्रा दिसले की मेंढ्या त्यांच्याकडेच बघत बसतात. बोळाचं तोंड मात्र आरपार दिसायला हवं.

## टप्पा ४: बोळ

बोळ बरोबर जमला तर निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

रुंदी. अंगावर लोकर असलेल्या मोठ्या मेंढीसाठी आतून ४५ ते ५० सेंटीमीटर. जास्त रुंद ठेवलात तर मेंढी आत उलटी फिरते, आणि एक फिरली की मागची सगळी रांग तोंड फिरवते. कोकरांसाठी रुंदी ३०-३५ सेंटीमीटरपर्यंत आणता यावी. म्हणून एक भिंत सरकणारी असली तर उत्तम. ती परवडत नसेल तर आतून एक फळी टांगून काम भागतं. भिंती खाली जवळ, वर थोड्या लांब अशा तिरक्या बसवल्या तर पाय ठेवायला जागा अरुंद राहते आणि वळणं अवघड होतं, पण पोट दाबलं जात नाही.

उंची. ८५ ते ९० सेंटीमीटर. मेंढी उडी मारणार नाही आणि तुम्हाला वाकून हात घालता येईल. विकत घेण्याआधी आपल्या कंबरेशी ताडून बघा. दिवसभर वाकणार तुम्ही आहात, विकणारा नाही.

लांबी. एका मोठ्या मेंढीला साधारण एक मीटर धरा. एकट्याने काम करत असाल तर ४ ते ६ मीटर पुरतो. फार लांब केलात तर मधली मेंढी खाली बसते किंवा पडते आणि तिच्यापर्यंत तुमचा हात पोचत नाही.

भिंती आणि जमीन. दोन्ही बाजू बंद, पुढचं टोक जाळीचं. जमीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रकारची. सिमेंट असेल तर खरबरीत. फळ्यांची असेल तर फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या ठोका, म्हणजे फटींतून खालचं लांबवर दिसत नाही आणि खुरालाही पकड मिळते.

मागे न येऊ देणारा अडसर. बोळात दोन ठिकाणी तरी हवा. मेंढी पुढे गेली की मागे पडणारी झडप असो किंवा भिंतीतून आडवा सरकवायचा साधा दांडा असो, फरक पडत नाही. हा नसेल तर पाजलेली मेंढी मागे सरकून बिनपाजलेलीला पुन्हा कप्प्यात ढकलते, आणि मग कोण पाजली, कोण राहिली यावर वाद सुरू होतो.

आता चालवायची युक्ती. मेंढीच्या खांद्याशी एक अदृश्य रेघ समजा. तुम्ही त्या रेघेच्या मागे असाल तर ती पुढे जाते, पुढे असाल तर मागे हटते. बहुतेक माणसं मेंढ्यांबरोबर बोळाच्या मागून पुढे चालत येतात आणि ओरडतात. उलट करा. बोळाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकाकडे, भिंतीला लागून, शांतपणे चाला. तुम्ही एकेकीचा खांदा ओलांडाल तशी ती पुढे सरकेल. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा योगायोग वाटला. तिसऱ्या फेरीनंतर काठी टाकून दिली.

पाजण्यासाठी काहीजण मुद्दाम रुंद बोळ करतात, मेंढ्या त्यात दाटीने भरतात आणि स्वतः आत उतरून एकेकीला पाजत पुढे जातात. शंभरावर मेंढ्या फक्त पाजायच्या असतील तर ही पद्धत झपाट्याची आहे. पण त्याच बोळाच्या टोकाला वाटणी होत नाही, कारण मेंढ्या एकेरी येत नाहीत. दोन्ही हवं असेल तर दोन बोळ शेजारी करा, नाहीतर सरकती भिंत घ्या.

सावधान: नवा बोळ बांधल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा मेंढ्या त्यातून नुसत्या जाऊ द्या. सुई नाही, औषध नाही, पलीकडे चारा ठेवा. मेंढ्या वाईट अनुभव बराच काळ विसरत नाहीत. पहिल्याच दिवशी बोळाच्या टोकाशी त्यांना आडवं पाडलंत, तर वर्षभर रेटत बसाल.

### कळप लहान असेल तर

चाळीस-पन्नास मेंढ्यांसाठी कायमचं बांधकाम करायची गरज नाही. सुमारे १.८ मीटर लांबीची सुटी फाटकं आणि त्यांना जोडणाऱ्या सळ्या पुरतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन फाटकं लावली की ३.६ मीटरचा बोळ झाला. दोन फाटकं दाटणीच्या कप्प्याला, एक मागे बंद करायला, आणि बाकीची कुंपणाच्या कोपऱ्याशी जुळवून वाडा. बोळाच्या फाटकांना आतून प्लायवूड किंवा जाड ताडपत्री घट्ट बांधा. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि मेंढ्या बुजतात. बोळाची फाटकं वरून एकमेकांना दांड्याने किंवा पट्ट्याने जोडा, नाहीतर पहिल्याच दाटीत बोळाचं पोट फुगतं.

ॲल्युमिनियमची फाटकं हलकी असतात, एकट्याला उचलता येतात. लोखंडी जड, पण जास्त मार सोसतात. रोज हलवणार असाल तर हलकी, एकाच जागी ठेवणार असाल तर जड. आणि सळ्या नेहमी दोन-चार जास्त घ्या. त्या गवतात हरवतात; कुठे जातात ते अजून मला कळलेलं नाही.

## टप्पा ५: वाटणीचं फाटक

कोकरं वेगळी, विकायची वेगळी, लंगडी वेगळी. हे काम हाताने पकडून करायला लागलात तर एकेकीमागे दोनदा धावावं लागतं. फाटकाने ती चालता चालता वेगळी होते.

1. फाटकाच्या आधीचा निदान ३ मीटर बोळ सरळ ठेवा. वळणावरून आलेली मेंढी फाटकाशी येऊन विचार करत थांबते.
2. फाटक साधारण एक मीटर लांब, हलकं, एका हाताने झुलणारं असावं. बिजागरीला ग्रीस आणि आपटते तिथे रबर. लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज झाला की पुढची मेंढी जागच्या जागी थिजते.
3. येणाऱ्या मेंढीला फाटकापलीकडचा रस्ता उघडा दिसायला हवा. सगळं बंद दिसलं तर ती नाक खुपसून उभी राहते.
4. सुरुवात दोन वाटांनी करा. तीन वाटा दिसायला छान, पण मेंढ्या एकेरी, सारख्या वेगाने येत नसतील तर एकट्या माणसाच्या डोक्याचं भजं होतं.

सगळ्यात मोठी चूक इथे डोक्याची असते, हाताची नाही. मेंढी फाटकाशी आल्यावर “हिला ठेवू की काढू” हा विचार करायचा नसतो. निर्णय आधी घ्या, वाड्यात किंवा बोळात, आणि खूण करा. खूण डोक्याच्या मागच्या बाजूला किंवा मानेवर करा, म्हणजे रांगेत येतानाच दिसते. पुठ्ठ्यावर लागलेली खूण मेंढी निघून गेल्यावर दिसते.

तपासा: वाटणी संपली की दोन्ही कप्प्यांतली डोकी मोजा आणि बेरीज एकूण संख्येशी जुळवा. फाटक उघडण्याआधी. नंतर मोजून उपयोग नाही.

## टप्पा ६: वजन आणि पाजणं

वजनाचा पिंजरा बोळाच्या रेषेतच, वाटणीच्या फाटकाआधी बसवा. बाजूला ठेवलेला वजनकाटा कोणी वापरत नाही, हा अनुभव आहे. पिंजऱ्याची फळी बोळाच्या जमिनीशी समतल हवी. पायरी असेल तर मेंढी अडते. खालचा पाया सपाट आणि टणक असावा, काट्याला कुठेही भिंतीचा टेकू लागू नये.

कामाआधी काटा शून्यावर आणा आणि वजन माहीत असलेलं पोतं ठेवून खात्री करा. दर वीस-तीस मेंढ्यांनंतर पुन्हा शून्य बघा, कारण फळीवर लेंड्या आणि चिखल साठत जातो.

वजनाचा खरा उपयोग औषधाच्या मात्रेसाठी. मात्रा कधीही सरासरी वजनावर काढू नका, गटातल्या सर्वात जड मेंढीवर काढा. समजा गट ३८ ते ६१ किलोंचा आहे. सरासरी ४९ धरून पाजलंत तर वरच्या निम्म्या मेंढ्यांना औषध कमी पडलं. त्यांच्या पोटात जगलेले जंत हेच उद्याचे औषधाला न जुमानणारे जंत. वजनांत फार तफावत असेल, किंवा मात्रा जास्त झाल्यास त्रास देणारं औषध असेल, तर गटाचे दोन भाग करा. औषध कोणतं आणि कधी, हे पशुवैद्यकाला विचारूनच.

पाजायची पिचकारी दर वेळी तपासा. १० मिलिलिटरवर लावा, मोजपात्रात दहा वेळा दाबा. १०० मिलिलिटर भरले पाहिजेत. ९२ भरले तर आत हवा आहे किंवा रबर झिजलं आहे. औषधाची टाकी पाठीवर घ्या. कुंपणावर ठेवलेल्या डब्यातून नळी ओढत चालणं हा खोळंब्याचा ठरलेला उगम आहे.

नळी तोंडाच्या कोपऱ्यातून, दातांच्या मधल्या मोकळ्या जागेतून घाला आणि टोक जिभेच्या मागच्या भागावर पोचवा. मेंढीची मान साधारण सरळ ठेवा. तोंड आकाशाकडे वळवलंत तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. खेचाखेचीत नळीचं टोक घशाला भोसकतं. ती जखम बाहेरून दिसत नाही आणि मेंढी नंतर मरू शकते.

कानातल्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याचा वाचक, म्हणजे बिल्ल्याचा क्रमांक वाचणारं यंत्र, घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. मागच्या वजनाशी आजचं वजन ताडून निर्णय घेणार असाल तर घ्या, आकडे नुसते साठवायचे असतील तर वही पुरते. घेतलात तर एक लक्षात ठेवा: हे बिल्ले १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात आणि जवळच्या लोखंडी चौकटीमुळे वाचन चुकतं. वाचकाची पट्टी बसवायच्या जागी भिंत लाकडाची किंवा प्लास्टिकची करा.

## टप्पा ७: खुरांचा हौद

हौद नेहमी बाहेर जायच्या वाटेवर ठेवा, आत यायच्या वाटेवर नको. आत येतानाच पाय झोंबले तर पुढची सगळी कामं अडतात.

आधी हिशोब करा. ३ मीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद हौदात ७ सेंटीमीटर खोल द्रावण भरायला साधारण ९५ लिटर लागतं. झिंक सल्फेट १० टक्के वापरायचं तर सुमारे साडेनऊ किलो भुकटी. अंदाजाने दोन डबे ओतणारे लोक मी पाहिले आहेत. एकदा द्रावण पाण्यासारखं, एकदा चिखलासारखं. फॉर्मलिन वापरत असाल तर ३ टक्के पुरे, ५ टक्क्यांच्या वर कधीच नाही. त्याच्या वाफा डोळ्यांना आणि छातीला घातक आहेत, म्हणून फक्त उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून. आपल्याकडे ते वापरायला परवानगी आहे का, तेही आधी विचारा. मोरचुदाच्या बाबतीत जपून: तांबं पोटात गेलं तर मेंढीला फार लवकर विषबाधा होते.

1. आधी मेंढ्यांना पाणी पाजा. तहानलेली मेंढी हौदाला तोंड लावते.
2. पहिल्या हौदात नुसतं पाणी, त्यातून खुरं धुऊन घ्या. शेणाने माखलेल्या खुरापर्यंत औषध पोचत नाही.
3. चांगल्या पायांच्या मेंढ्या आधी, लंगड्या शेवटी.
4. वेळ पाकिटावर दिलेला पाळा. काही द्रावणांतून चालत गेलं तरी चालतं, काहींत कित्येक मिनिटं उभं राहावं लागतं.
5. बाहेर आल्यावर टणक, कोरड्या, स्वच्छ जागेवर तासभर उभ्या करा.

पाचवा मुद्दा सगळे टाळतात. हौदातून थेट ओल्या गवतात सोडलं की औषध पहिल्या दहा पावलांत धुऊन जातं, आणि मग लोक औषधाला नावं ठेवतात.

सावधान: उरलेलं द्रावण ओढ्यात, विहिरीजवळ किंवा चराईच्या जागी ओतू नका.

## टप्पा ८: आता पिंजरा किंवा चिमटा

इथवर आलात, मेंढ्या बोळातून स्वतः चालत येतात, तर आता हे साधन तुमचं काम खरंच हलकं करेल.

दोन प्रकार बघायला मिळतात. उलटवणारा पिंजरा मेंढीला बाजूंनी धरून उताणी किंवा आडवी करतो. खुरांवर काम करायला सोपं. चिमट्यात मेंढी उभीच राहते, माणूस पायफळीवर उभा राहिला की त्याच्याच वजनाने भिंत आत येते आणि ती धरली जाते. दोन्ही हात मोकळे. शेपटीकडची लोकर कातरणं, टोचणं, तोंड तपासणं, मागचे पाय उचलून बघणं, हे सगळं चिमट्यात होतं. एकच घेता येणार असेल तर मी बहुतेकांना चिमटा सुचवतो.

घेण्याआधी दुकानात रिकामा पिंजरा फिरवून बघू नका, तो कोणालाही फिरवता येतो. आपल्या सर्वात जड मेंढीवर चालवून बघायला मागा. मी एकदा रिकामाच बघून घेतला होता. ७५ किलोच्या मेंढीने त्याचा खटका पहिल्याच दिवशी वाकवला. बोटं चेंगरण्यासारखी जागा कुठे आहे, खटका एका हाताने सुटतो का, मेंढी धडपडली तर लगेच मोकळी करता येते का, हेही बघा.

वापरताना:

- पोट भरलेली मेंढी उलटवू नका. कामाआधी काही तास चारा बंद ठेवा.
- विण्याच्या जवळ आलेली मेंढी कधीच उलटवू नका. पोट फुगलेली किंवा धापा टाकणारीही नाही.
- उलटी ठेवायची ती मोजक्या मिनिटांपुरती. मधेच फोन आला तर आधी मेंढी सरळ करा.
- लोकर धरून उचलू नका, खाली कातडीला रक्त साकळतं.

खुरं सरसकट छाटायची सवय मात्र सोडा. पिंजरा आला की लोकांना प्रत्येक खुराला सुरी लावावीशी वाटते. खुरकुजीच्या लंगडीत छाटणीने बरं व्हायला उशीर लागतो, आणि रक्त निघालं तर सुरीबरोबर रोगही पुढच्या मेंढीकडे जातो. पशुवैद्यकाला दाखवून औषध द्या, वाकडं वाढलेलं खूर नंतर बघा.

## टप्पा ९: कामाच्या दिवसाचा क्रम

आदल्या संध्याकाळी: बिजागऱ्या, सळ्या, पिचकारी, काटा, खुणेचा रंग आणि वही. बोळात एकदा स्वतः चालून या. रात्रीत काहीतरी पडलेलं असतंच.

सकाळी ऊन चढण्याआधी कळप जमवा, पण दव पडलेल्या ओल्या लोकरीवर टोचू नका. कुत्रा असेल तर जमवण्यापुरता; बोळाजवळ त्याला बांधून ठेवा. पहिल्या फेरीत वाटणी करून कोकरं बाजूला काढा, कारण मोठ्या मेंढ्यांच्या दाटीत ती पायाखाली येतात. मग मोठ्यांचं वजन, पाजणं, टोचणं. चिमट्यात घ्यायच्या मेंढ्या खूण करून वेगळ्या ठेवा आणि सगळ्यात शेवटी घ्या. एका लंगडीसाठी बोळ अर्धा तास अडवू नका. बाहेर जाताना हौद, मग कोरडी जागा.

रांग थांबली तर ओरडण्याआधी पहिल्या मेंढीच्या नजरेच्या रेषेत बघा. शंभरातून नव्वद वेळा कारण तिथेच असतं: कुंपणावर टाकलेला कोट, बोळाच्या तोंडाशी उभा असलेला मदतनीस, फाटकाची सरकलेली सावली. कोट उचला, मदतनिसाला चार पावलं मागे घ्या, आणि मिनिटभर थांबा.

काम संपल्यावर कोकरं आणि आया एकाच छोट्या कुंपणात सोडा, लगेच मोठ्या चराईवर नको. प्रत्येक कोकराला आई सापडेपर्यंत, दूध पिताना दिसेपर्यंत तिथेच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक फेरी मारा: कोण लंगडतंय, कोणाच्या मानेवर टोचल्याजागी गाठ आली आहे, कोणतं कोकरू पोट खपाटीला गेलेलं आणि ओरडत फिरतंय. त्या वहीत टप्पा १ चे चार आकडे पुन्हा लिहा, मागच्या आकड्यांच्या शेजारी.